मेक्सिकोचा रकाना

एप्रिल २०२५ चा तिसरा आठवडा. चाकणच्या ऑफिसात क्लोजिंगची धांदल होती आणि एक्सपोर्ट डेस्कवरचा मुलगा दोन कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. एक इन्व्हॉइस, जर्मनीतल्या ग्राहकाच्या नावानं, युरोमध्ये. दुसरं त्याच मालाचं शिपिंग बिल. कंटेनर न्हावाशेवाहून निघालेला, उतरण्याचं बंदर मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ.

"मॅडम, सॅपमध्ये हा सेल जर्मनीत पडलाय. पण यातला एक नगही जर्मनीला गेलेला नाही."

असा माल किती, म्हणून मी विचारलं. त्यानं सॅपमधून, म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, पिव्हट तक्ता काढूनच आणला होता. वर्षभरात ३८ कोटी.

पुढचे पाच आठवडे मी जे केलं ते इथे लिहून ठेवते आहे. मी वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका लिस्टेड कंपनीत फायनान्शियल रिपोर्टिंग सांभाळते. कंपनीचं नाव सांगणार नाही. आकडेही बदलले आहेत, पण एकमेकांशी त्यांचं प्रमाण साधारण तेच ठेवलं आहे, कारण सगळी गोष्ट त्या प्रमाणातच आहे.

आमच्या वार्षिक अहवालात सेगमेंटची, म्हणजे धंद्याच्या विभागांची, नोट (हिशेबाखालची टीप) वर्षानुवर्षं चार ओळींची असायची. 'कंपनीचा ऑटो कंपोनंट्स हा एकच सेगमेंट आहे', आणि खाली छोटा तक्ता: भारत इतकं, भारताबाहेर इतकं. भारताबाहेरच्या आकड्यात जर्मनी आणि अमेरिका वेगळे दाखवलेले, उरलेले देश 'इतर'मध्ये. देश कसा ठरवला, तर 'ग्राहकाच्या ठिकाणानुसार'. हे दोन शब्द मीही सही करताना अनेकदा वाचले होते. ग्राहकाचं ठिकाण म्हणजे त्याचं मुख्यालय, की बिल जातं तो पत्ता, की माल उतरतो तो कारखाना, हे त्या नोटेत कुठेच नव्हतं.

त्या वर्षी हा प्रश्न एरवीपेक्षा जड झाला होता. २६ मार्च २०२५ ला अमेरिकेनं आयात गाड्यांवर २५ टक्के शुल्क जाहीर केलं होतं आणि सुट्या भागांवर ते ३ मेपासून लागू होणार होतं. २ एप्रिलला भारतासाठी २६ टक्क्यांचा दर जाहीर झाला, ९ तारखेला त्याला स्थगिती मिळाली. मेक्सिकोच्या मालावरचं शुल्क मार्चपासून कधी लागू, कधी सूट असं चाललेलं. आमच्यासारख्या कंपनीचा शेअर ज्यानं घेतला आहे, त्याला तेव्हा एकच गोष्ट हवी होती: तुमचा माल नेमका कुठे जातो? आणि आमच्या नोटेत मेक्सिको नावाचा देशच नव्हता.

देशांकडे येते, पण आधी सेगमेंट. कारण त्याच एप्रिलमध्ये आमचा 'एकच सेगमेंट'ही मोडला.

मी सीएची उमेदवारी, म्हणजे आर्टिकलशिप, केली तेव्हा, २००८ च्या सुमारास, एएस १७ होतं. २००१ पासून लागू असलेलं सेगमेंटचं जुनं हिशेब-मानक. त्यात जोखीम आणि परतावा पाहून सेगमेंट ठरवायचे, एक प्राथमिक, एक दुय्यम. एक धंद्यानुसार, दुसरा भूगोलानुसार. सदाशिव पेठेतल्या फर्ममध्ये आम्ही ते तक्ते हातानं आखायचो. आमच्या आकाराच्या लिस्टेड कंपन्यांना १ एप्रिल २०१७ पासून इंड एएस ही नवी हिशेब-मानकं आली आणि त्यातल्या १०८ क्रमांकाच्या मानकानं प्रश्नच बदलला. सेगमेंट कसे असावेत हे पुस्तकात पाहायचं नाही. कंपनीत पैसा कुठे घालायचा हे जो ठरवतो, त्याच्यासमोर नियमितपणे कुठल्या विभागाचे आकडे येतात ते पाहायचं. त्या माणसाला मानकात 'चीफ ऑपरेटिंग डिसिजन मेकर' म्हटलं आहे. आमच्याकडे ते एमडी साहेब. त्यांच्या टेबलावर जे पान येतं, त्याच पानावरचे आकडे बाहेर द्यायचे. मला ही पद्धत मनापासून पटते. घरातल्यांना एक हिशेब आणि पाहुण्यांना दुसरा, ही सोयच तिनं काढून घेतली आहे.

आता आमचं पान बघा. चाकणला मशिनिंग, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, आणि २०२२ मध्ये विकत घेतलेलं शेती-पंपांचं युनिट. फाउंड्रीचा हिशेब आधी चाकणच्याच पानात जायचा. एप्रिल २०२४ पासून फाउंड्रीला स्वतंत्र प्रमुख आले, ते थेट एमडींना उत्तर देऊ लागले आणि दर महिन्याच्या ८ तारखेच्या रिव्ह्यूत तीन पानं येऊ लागली. प्रत्येक पानावर विक्री, खर्च, व्याज-कराआधीचा नफा. तीन प्रमुख, तीन पानं, तीन नफे. ऑडिटर मॅडमनी मार्चच्या शेवटीच बारा महिन्यांच्या रिव्ह्यूच्या फायली मागवल्या. त्या बघितल्यावर 'एकच सेगमेंट' म्हणायला जागा नव्हती.

मग कुठला सेगमेंट वेगळा दाखवावाच लागतो ते पाहायला तीन कसोट्या लावायच्या, एकीत बसला तरी पुरे. ढोबळ सांगते. बाहेरची विक्री: ऑटो ८२० कोटी, फाउंड्री ६०, पंप ९०. फाउंड्रीचं आणखी ११० कोटींचं कास्टिंग (ओतीव भाग) आमच्याच चाकणच्या कारखान्याला जातं. पहिली कसोटी विक्रीच्या दहा टक्क्यांची, आणि इथे पुष्कळ जण चुकतात: ती फक्त बाहेरच्या विक्रीवर लावायची नाही, आतली आणि बाहेरची मिळून लावायची. एकूण १,०८०, त्याचे दहा टक्के १०८. फाउंड्री १७० वर, म्हणजे दाखवावीच लागणार. पंप ९० वर, म्हणजे या कसोटीतून सुटले. मालमत्तेच्या कसोटीतूनही पंप सुटले, त्यांची मालमत्ता आठ टक्क्यांच्या आसपास.

राहिली नफ्याची कसोटी. ऑटोचा नफा ९६ कोटी, फाउंड्रीचा ९, पंपांचा ११ कोटी तोटा. नफ्यात असलेल्यांची बेरीज एकीकडे, तोट्यात असलेल्यांची दुसरीकडे. जी मोठी, तिचे दहा टक्के. १०५ चे दहा टक्के, साडेदहा कोटी. पंपांचा तोटा ११. फक्त अर्ध्या कोटीनं पंप तक्त्यात येत होते, आणि तेही तोट्यामुळेच.

मी हे आमच्या वित्तप्रमुखांना, सीएफओ सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. त्यांना चिंता होती ती सांगली-कोल्हापूरच्या डीलरांची. "हा तक्ता उद्या समोरच्या कंपनीचा सेल्समन खिशात घेऊन फिरेल. डीलरला सांगेल, हे युनिट बंद पडतंय, यांचे पंप घेतले तर उद्या स्पेअर कोण देणार?" ही भीती खोटी नव्हती. मग ते म्हणाले, "हेड ऑफिसचा खर्च आपण माणसांच्या संख्येवर वाटतो. तो उलाढालीवर वाटला तर?"

मी तिथेच बसून हिशेब केला. वाटणी बदलली तर पंपांवरचा १ कोटी ४० लाखांचा बोजा ऑटोवर जात होता. पंपांचा तोटा ९.६ कोटी. ऑटोचा नफा तेवढा घटून नवी मर्यादा १०.३६ कोटी. पंप तक्त्यातून बाहेर, 'इतर' नावाच्या ओळीत. एकूण नफ्यात एका पैशाचा फरक नाही.

"सर, एमडी साहेबांनी बारा महिने ११ कोटींचंच पान पाहिलंय," मी म्हटलं. "नव्या वर्षापासून रिव्ह्यूतच वाटणी बदलायची असेल तर बदलू, आणि बदल केला म्हणून नोटेत लिहू. पण मागच्या बारा महिन्यांचं पान आता फक्त छापण्यापुरतं बदलता येणार नाही." मानकात प्रतिस्पर्ध्याला कळेल म्हणून माहिती झाकायची सूट नाही. ते मानक तयार होत असताना कंपन्यांनी ती मागितली होती आणि मिळाली नव्हती. हेही मी सरांना सांगितलं.

मला त्या वेळी बाबा आठवत होते. ते वीज मंडळातून निवृत्त झाले. पंचवीसेक वर्षं थोडे थोडे शेअर घेतात, भिंग घेऊन वार्षिक अहवाल वाचतात. त्यांचा आवडता दाखला आयटीसीचा. बिस्किटं, वह्या, कागद, शेतमाल, आणि जानेवारी २०२५ मध्ये वेगळी होईपर्यंत हॉटेलंही. पण सेगमेंटचा तक्ता उघडला की सिगारेटच्या ओळीपाशी बोट थांबतं आणि घर कोण चालवतं ते कळतं. बाबा म्हणतात, अध्यक्षांचं भाषण सगळ्या कंपन्यांचं सारखंच असतं, हे पान तेवढं सारखं नसतं. असा कुणीतरी निवृत्त माणूस आमचाही अहवाल वाचत असणार. त्याला 'इतर' म्हणून गप्प बसवायचं मला जमलं नसतं.

एमडी साहेबांसमोर आम्ही दोघंही गेलो. ते आधी चिडले. "म्हणजे माझ्या रिव्ह्यूचं पान लोकांसमोर ठेवायचं?"

"पान नाही साहेब, पानावरचे चार आकडे."

त्यांनी पंपांचं बारा महिन्यांचं पान मागवलं आणि बराच वेळ एक-एक महिना पाहिला. त्या दिवशी काही ठरलं नाही. दोन दिवसांनी सीएफओ सरांनी मला मेल पाठवला, त्यात एवढंच होतं: तीन सेगमेंट घ्या, मागच्या वर्षाचे आकडेही तसेच तयार करा. साहेब आणि सर यांच्यात काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही.

मागचं वर्षही नव्यानं मांडावं लागलं, आणि तिथे फाउंड्रीनं दमवलं. २०२३-२४ मध्ये तिचा वेगळा हिशेबच नव्हता, मग चाकणला गेलेल्या कास्टिंगची किंमत काय धरायची? आम्ही कॉस्टिंगच्या नोंदींवरून, या वर्षी जी पद्धत आहे त्याच पद्धतीनं, म्हणजे खर्चावर ठरावीक टक्के चढवून ती काढली, आणि पद्धत नोटेत लिहिली. शिवाय ३१ मार्चला चाकणच्या गोदामात जे कास्टिंग पडून होतं, त्यात फाउंड्रीचा नफा दडलेला होता. बाहेर विक्री न झालेला नफा. ६० लाख. तीन सेगमेंटच्या नफ्याची बेरीज ९४ कोटी, त्यातून हे ६० लाख, न वाटलेला खर्च आणि व्याज वजा करत करत नफा-तोटा पत्रकातल्या करपूर्व आकड्यापर्यंत आणलं. हा ताळा शेवटच्या रुपयापर्यंत जुळला नाही तर बाकीच्या तक्त्याला अर्थ राहत नाही.

आतल्या किमतीबद्दल मी इतकी काटेकोर का होते, त्याला एक ताजं कारण होतं. आर्चर डॅनियल्स मिडलँड ही अमेरिकेतली धान्य आणि खाद्यघटकांची मोठी कंपनी. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी आपल्या सीएफओंना रजेवर पाठवल्याचं जाहीर केलं. चौकशी होती ती न्यूट्रिशन सेगमेंटच्या आणि सेगमेंटमधल्या आपापसातल्या विक्रीच्या हिशेबाची. एका दिवसात शेअर जवळपास चोवीस टक्के पडला. आपापसातली विक्री एकत्रित हिशेबात कटून जाते, म्हणजे कंपनीच्या एकूण आकड्याला धक्काही लागत नाही. तरी लोकांनी शेअर फेकला, कारण वाढ कुठल्या विभागात आहे हे पाहून त्यांनी तो घेतला होता. ती बातमी मी छापून ड्रॉवरमध्ये ठेवली होती.

आता देश.

सॅपमधून निर्यातीचा आकडा निघाला ४१२ कोटी. जर्मनी ९६, अमेरिका १७०, बाकीचे देश १३२. यांची बेरीज ३९८. उरलेले १४ कोटी कुठल्या देशाचे? तिथे देशाच्या कोडमध्ये भारत होता, पण इन्व्हॉइसचा प्रकार एक्सपोर्ट. उघडून बघितलं तर सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) एका कारखान्याला दिलेला माल. जीएसटीत सेझला दिलेला माल शून्य दराचा, एलयूटी या हमीपत्रावर कर न लावता जातो, म्हणून बिलिंगवाल्यांनी तो निर्यातीच्या खात्यात घातलेला. करासाठी ते बरोबरच आहे. पण तो कारखाना महाराष्ट्रातच आहे, आमचा ट्रक तिथे दोन तासांत पोहोचतो. १४ कोटी भारतात आणले. मागची किती वर्षं ते 'भारताबाहेर' छापले जात होते ते मी शोधलं. चार वर्षं. रक्कम एवढी मोठी नाही की जुने अहवाल उघडावेत, पण तुलनेसाठी छापायचं मागचं वर्ष दुरुस्त केलं.

याच्या अगदी उलट मागणी पंपांच्या सेल्सकडून आली. मुंबईतला एक व्यापारी आमचे पंप ०.१ टक्का जीएसटीवर घेतो आणि आफ्रिकेत पाठवतो. ९ कोटी. "हे आमचं एक्सपोर्ट आहे मॅडम, पंप तर केनियात चालतायत." त्यांचा अभिमान मला समजत होता. पण आमचा ग्राहक मुंबईतला. माल आम्ही त्याला देतो, पैसे तो देतो, आफ्रिकेत कुणाला विकायचं ते तो ठरवतो. ते ९ कोटी भारतातच राहिले.

आणि मग ते ३८ कोटी. मानक उघडून बसलं तर ते काय सांगतं? आपल्या देशातला महसूल द्या, बाहेरच्या सगळ्या देशांचा मिळून द्या, एखाद्या देशाचा महसूल महत्त्वाचा असेल तर तो वेगळा द्या, आणि देश कुठल्या आधारावर ठरवला ते सांगा. आधार कुठला घ्यायचा हे सांगत नाही. ते आपण ठरवायचं. वेगवेगळ्या कंपन्या किती वेगळं ठरवतात बघा: ॲपलच्या अहवालात युरोप नावाचा जो सेगमेंट आहे, त्यात भारत आहे, मध्यपूर्व आहे आणि आफ्रिकाही आहे. त्यांचा कारभार तसा चालतो आणि ते तसं स्पष्ट लिहितात, म्हणून वाचणारा फसत नाही.

सीएफओ सरांचं म्हणणं, बिलाचा पत्ता हाच आधार ठेवा. करार जर्मनीशी, पैसा जर्मनीतून, चलन युरो, आणि थकलं तर आपण दार ठोठावणार तेही जर्मनीतच. यातला प्रत्येक मुद्दा खरा. पण माझ्या डोक्यातून ती ३ मेची तारीख जात नव्हती. मेक्सिकोतल्या त्या कारखान्याची गाडी अमेरिकेत विकायची बंद झाली तर आमची ऑर्डर कमी होणार, जर्मनीत काहीही घडलं नाही तरी. मागणीचा धोका जिथे आहे तो देश वाचणाऱ्याला दिसला पाहिजे. उधारी बुडायचा धोका कुठे आहे हे सांगायला दुसऱ्या नोटा आहेत. ऑडिटर मॅडमनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि एकच सांगितलं, जो आधार घ्याल तो सगळ्या ग्राहकांना सारखा लावा, सोयीप्रमाणे नाही.

सारखा लावायचा म्हटल्यावर अमेरिकेचे १७० कोटीही उघडावे लागले. टेक्सासमध्ये लारेडो नावाचं गाव आहे, रिओ ग्रांदे नदीच्या काठावर. पलीकडच्या काठाला मेक्सिको. तिथल्या एका भाड्याच्या गोदामात आमचा माल साठवलेला असतो. अमेरिकन ग्राहकाला लागेल तसा तो उचलतो, आणि उचलला की आमची विक्री होते. तोवर माल आमच्याच साठ्यात. शिपिंग बिलावर देश अमेरिका, बिलावर देश अमेरिका. पण उचललेला माल कुठे गेला? गोदामवाला दर आठवड्याला एक एक्सेल मेल करतो. त्यात 'डेस्टिनेशन प्लांट' असा रकाना आहे, जो आमच्याकडे कुणी कधी वाचला नव्हता, कारण विक्रीची नोंद करायला तो लागतच नाही.

दोन वर्षांच्या त्या १०४ फायली. एक्सपोर्ट डेस्कवरचा तो मुलगा आणि मी, तीन दिवस, संध्याकाळी कॅन्टीन बंद झाल्यावर वडापाव मागवून. काही फायलींत प्लांटचा कोड, काहींत गावाचं नाव, काहींत नुसता 'एमएक्स'. पार्ट नंबर पाहून माल कुठल्या मॉडेलचा ते काढलं आणि ते मॉडेल कुठे बनतं हे मार्केटिंगकडून लिहून घेतलं. शेवटी आकडा आला: या वर्षाचे २२ कोटी नदी ओलांडून गेले होते.

३८ आणि २२. साठ कोटी. मागच्या नोटेत शून्य असलेला देश.

नवा तक्ता असा झाला: भारत ५७२, अमेरिका १४८, मेक्सिको ६०, जर्मनी ५८, बाकीचे १३२. एकूण ९७०. निर्यातीवरच्या ड्रॉबॅक आणि रॉडटेप या कर-परताव्यांचं उत्पन्न या तक्त्यात घेतलं नाही. ते ग्राहकाकडून नाही, सरकारकडून येतं. ते खाली ताळ्याच्या ओळीत दाखवलं.

मेक्सिको जर्मनीपेक्षा मोठा निघाल्यावर ऑफिसात थोडी शांतता पसरली. आमच्या टीममधल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मेक्सिको सहा टक्केच आहे, दहाच्या आत. 'बाकीचे'मध्ये टाकलं तर नाही का चालणार?" दहा टक्के हे सेगमेंटच्या कसोटीत आहेत आणि मोठ्या ग्राहकाच्या परिच्छेदात आहेत. देशाच्या परिच्छेदात टक्का नाहीच, तिथे फक्त 'महत्त्वाचा' असा शब्द आहे. आणि २०२५ च्या मे महिन्यात, सुटे भाग करणाऱ्या कंपनीसाठी, मेक्सिको महत्त्वाचा नाही असं मला लिहिता आलं नसतं. तिला हे समजावून सांगताना माझा आवाज थोडा चढला होता. नंतर मी तिच्या टेबलाशी जाऊन बसले आणि मानकातला परिच्छेद दोघींनी मिळून वाचला.

त्याच तक्त्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. एका ग्राहकाकडून दहा टक्के किंवा त्याहून जास्त महसूल असेल तर ते सांगावं लागतं, नाव दिलं नाही तरी चालतं. आमच्या कस्टमर मास्टरमध्ये त्या जर्मन समूहाचे तीन कोड आहेत: भारतातला कारखाना ४१ कोटी, जर्मनी २९, आणि मेक्सिकोला जाणारा पण जर्मनीच्याच पत्त्यावर बिल होणारा माल ३८. वेगवेगळे पाहिले तर कुणीच दहा टक्क्यांना पोहोचत नाही. पण एकाच मालकीखालच्या कंपन्या एक ग्राहक धरायच्या असतात. १०८ कोटी, अकरा टक्के. हे आतापर्यंत आमच्या नोटेत नव्हतं. म्हणजे आमचा सगळ्यात मोठा ग्राहक किती मोठा आहे, हे आमच्या भागधारकांना आम्ही सांगितलंच नव्हतं. कुणी मुद्दाम लपवलं नव्हतं. तीन कोडच्या तीन ओळी कुणी एकत्र केल्या नव्हत्या, एवढंच.

मालमत्तेचा भूगोल त्या मानानं लवकर झाला. कारखाने सगळे भारतात. जर्मनीतल्या आमच्या छोट्या उपकंपनीनं भाड्यानं घेतलेल्या ऑफिसचा वापर-हक्क ताळेबंदात मालमत्ता म्हणून आहे, तो तिथे दाखवला. आर्थिक साधनं आणि डिफर्ड टॅक्स (पुढे ढकललेला कर) या तक्त्यात येत नाहीत, ते वगळले.

निकालाला सेबीच्या नियमानं वर्षअखेरीपासून साठ दिवस असतात. आमची बोर्ड मीटिंग त्याच्या आत, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात झाली. आदल्या दिवशी ऑडिट कमिटीत एका स्वतंत्र संचालकांनी, ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत, तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "आधार बदललाय, मग मागच्या वर्षीचं जर्मनी पण बदललं असेल. ते इथे लिहिलंय का?" लिहिलं होतं. नोटेचं मूळ वाक्य इंग्रजीत आहे, मराठीत सांगायचं तर असं: 'माल ग्राहकाच्या ज्या कारखान्यात वापरासाठी पोहोचतो, त्या कारखान्याच्या देशानुसार महसूल विभागला आहे, पूर्वी तो बिलाच्या पत्त्यानुसार विभागला जात होता, आणि मागील वर्षाचे आकडे त्यानुसार पुन्हा मांडले आहेत.' या वाक्याचे आठ मसुदे झाले.

निकालानंतर गुंतवणूकदारांशी झालेल्या कॉलवर पहिले तीन प्रश्न पंपांवर आले. एमडी साहेबांनी दर तिमाहीला तोटा किती कमी करणार ते आकड्यात सांगितलं, जे त्यांनी आधी बाहेर कधी सांगितलं नव्हतं. मग एका विश्लेषकानं मेक्सिकोबद्दल विचारलं. त्यातला किती माल अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत जातो? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते आमच्याकडे नव्हतं. ग्राहकाच्या गाड्या पुढे कुठे विकल्या जातात हे आमच्या कुठल्याही कागदावर येत नाही, आणि साहेबांनी तसंच सांगितलं.

१ जूनपासून कस्टमर मास्टरमध्ये 'वापराचा देश' हा रकाना सक्तीचा केला आहे. तो भरल्याशिवाय नवा कोड उघडत नाही. लारेडोच्या गोदामाचं एक्सेल आता महिनाअखेरीला थेट आमच्या फोल्डरमध्ये येतं.

एक प्रश्न मात्र या रकान्यानंही सुटलेला नाही. डायचे, म्हणजे भाग घडवायच्या साच्याचे, पैसे. जर्मन ग्राहक नव्या पार्टसाठी डाय बनवायचे पैसे देतो. डाय त्याच्या मालकीची होते, आम्हाला महसूल मिळतो. पण डाय हलत नाही, ती चाकणच्या शेडमध्येच आमच्या प्रेसवर राहते. आणि तिच्यातून निघणारा माल जातो मेक्सिकोला. हा महसूल कुठल्या देशाचा? आमचा आधार शब्दशः लावला तर 'वस्तू जिथे वापरली जाते तो देश', म्हणजे भारत. हे वाचणाऱ्याला पटणार नाही, मलाही पटत नाही. या वर्षी रक्कम तीनच कोटी होती, म्हणून जर्मनीत ठेवली आणि कारण फाइलमध्ये लिहिलं. पुढच्या वर्षी नव्या मॉडेलच्या डायचे अकरा कोटी येणार आहेत. मी तिन्ही पर्यायांचा एक-एक पानाचा टिपणवजा कागद केला आहे, मेक्सिकोचा कागद सगळ्यात वर ठेवला आहे. ऑडिटर मॅडम पुढच्या बुधवारी येणार आहेत.